उभो की आडवो?

वेंगुर्ल्याच्या बाजूला एका ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर ग्लिनिस नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते आणि एवढ्यात लोकांनी तिला नाव पाडलं होतं, वाऱ्याची डॉक्टरीण. पाडणारच की! काजू कारखान्यातल्या एका बाईच्या एक्स-रेमध्ये डावीकडे काळा फुगा दिसला, आणि आतडं फुटलं म्हणून हिने तिला थेट गोव्याला धाडलं. तिथल्या सर्जनचा फोन आला, "मॅडम, जठरात वारा असतोच. तुमच्याही आणि माझ्याही." बाई संध्याकाळच्या एसटीने परत आली, ती स्टँडवर उतरायच्या आत गोष्ट गावभर झाली होती.

तेव्हापासून दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की ग्लिनिस निवृत्त डॉक्टर साल्वादोर यांच्या घरी शिकायला जायची. म्हातारा खिडकीच्या काचेला जुन्या फिल्मा लावायचा आणि बरोब्बर मधोमध तळहात ठेवायचा. "काळीज सगळ्यांका दिसता गो. कोपरे बघ." पण त्याहीआधी त्याचा एक प्रश्न ठरलेला असायचा, "माणूस उभो की आडवो?" उभ्या माणसाच्या जठरात पाणी खाली बसतं, वारा वर राहतो आणि मधे सरळ रेघ दिसते, कळशीतल्या पाण्यासारखी. निजवलेल्या माणसाच्या फोटोत ती रेघ नसते. हे तिला पाठ झालं, तरी म्हातारा विचारायचाच. एकदा तर मोडलेल्या पायाच्या फोटोलाही विचारलं! ग्लिनिसला हसू दाबता दाबता ठसका लागला होता.

एप्रिलातल्या एका दुपारी यशोदा आपल्या नवऱ्याला रिक्षात घालून घेऊन आली. नाव बाळा, आंबे काढणारा गडी. कलमांवर चढून चढून त्याचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून सीझनभर उपाशीपोटी, कोऱ्या चहाबरोबर दुखण्याच्या गोळ्या चालल्या होत्या. सकाळी पोटात सुरी खुपसल्यासारखं झालं आणि तो कलमाखालीच बसला. रुग्णालयात त्याचा एक्स-रे झाला, इंजेक्शन झालं, आणि दुखणं ओसरलं.

"माका आता बरा वाटता," बाळा म्हणाला. "वायू धरलो होतो."

"सोडा आमका, डॉक्टरीणबाय," यशोदा म्हणाली. "घराकडे आंब्याचे पेटये भरूचे आसत."

ग्लिनिसने कॉम्प्युटरवर फोटो पाहिला. वर पाटी होती, 'उभा'. छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली, उजवीकडे, जिथे जठराचा वारा नसतो तिथे, काही नव्हतं. मग सोडायला काय हरकत? पुन्हा गोवा, पुन्हा तो फोन, पुन्हा स्टँडवरचं हसणं, नको गं बाई! तिने पेनाचं टोपण काढलंसुद्धा. पण बाळाची नाडी एकशे वीस होती आणि कपाळावर थंड घाम. बरं वाटणाऱ्या माणसाची नाडी अशी धावते होय? याला घरी सोडला आणि आतडं फुटलेलं निघालं, तर हा उद्याची सकाळ बघणार नाही, हे तिला लख्ख कळत होतं.

ती परत खुर्चीत बसली. फोटोच्या मधोमध तिने हात ठेवला आणि कोपरे पाहिले. मग जठर पाहिलं. फुगा गोल गरगरीत होता. सरळ रेघ कुठेच नव्हती.

"सुशांत!" तिने एक्स-रे काढणाऱ्याला हाक मारली. "यांना उभं केलं होतंस?"

सुशांतने मान खाली घातली. "कळवळत होते हो, मॅडम. उभं करवेना. निजवूनच काढला. पाटी आधीच्या पेशंटची राहिली."

म्हणजे पहिल्या फोटोवरून काही ठरतच नव्हतं. आतड्यातून सुटलेला वारा माणूस निजला की पोटात पसरून लपतो. बसवलं तर वर, पडद्यापर्यंत चढतो, पण त्याला दहा मिनिटं लागतात.

ती दहा मिनिटं ग्लिनिसनेच बाळाला पाठीमागून धरून बसवलं. औषधाचा असर उतरत होता. तो रडू लागला. यशोदा तिच्या अंगावर ओरडली, "कित्याक छळतास तेका? तुमका परत वारो दिसाक लागलो काय?" ग्लिनिसला ते झोंबलं. तिचे हात भरून आले, बाळाच्या घामाने तिचा कोट ओला झाला. तिने सोडलं नाही.

दुसऱ्या फोटोत उजव्या पडद्याखाली नखाच्या कातरणाएवढी काळी कोर होती.

तिने गोव्याला फोन लावला. तोच सर्जन निघाला. "मॅडम, मागच्यासारखं तर नाही ना?"

"बसवून काढलाय, दहा मिनिटांनी. उजवीकडे आहे," ती म्हणाली.

"लगेच पाठवा."

रात्री त्याचा निरोप आला. भोक होतं, शिवलं, माणूस वाचला.

रविवारी तिने दोन्ही फोटो साल्वादोरना मोबाईलवर दाखवले. म्हाताऱ्याने निजवून काढलेला फोटोच कितीतरी वेळ पाहिला. मग चष्मा काढून ठेवला.

"पस्तीस वर्सां झाली," तो म्हणाला. "माझो धाकटो भाव, डॅनियल. असोच कळवळत होतो. माका दया इली. निजवन फोटो काढलंय, काय दिसला नाय, आणि घराक धाडलंय. दुसरी सकाळ तेना बघूक नाय."

तिला त्या मोडक्या पायावरचं आपलं हसू आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझो माणूस जेवता?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कालपासून पेज खाता."

"बरा झाला." तो उठला आणि नवी फिल्म काचेला लावू लागला. ग्लिनिसने फिल्मचं दुसरं टोक धरलं आणि त्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच विचारलं, "उभो की आडवो, डॉक्टर?"