दांडी त्याची, बटणं माझी

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून लालबागला घरी येताना मी टॅक्सीतच पिशवी उघडली. व्हिडिओ गेमची लाल गोळ्याची एक दांडी, रंगीत बटणं, वायरींचा गुंता आणि कॉम्प्युटरला जोडायची बोटभर हिरवी सर्किटची पट्टी. बटण दाबलं की खालचा स्विच टिक करायचा. घर येईपर्यंत मी टिकटिक करत होते आणि ड्रायव्हर आरशातून बघत होता. पन्नाशीच्या बाईला हे शोभत नाही हे कळत होतं, पण राहवत नव्हतं.

हा सगळा खटाटोप दादासाठी होता. लकव्यानंतर त्याचा उजवा हात मांडीवर पडून असायचा. डावा धडधाकट, पण त्यानेही तो काही करेना. व्यायामाचा रबरी चेंडू त्याने खिडकीतून खाली टाकून दिला. ज्याच्या बडबडीने अख्खी चाळ वैतागायची, तो बोलेनासा झाला. डॉक्टरांच्या मते जिभेला काही झालेलं नव्हतं, त्यालाच बोलायचं नव्हतं. वहिनी घोडपदेवहून फोन करून रडायची आणि मलाही रडवायची.

लहानपणी परळच्या एका गल्लीत व्हिडिओ गेमचं दुकान होतं. आम्हा भावंडांना दोघांत मिळून एकच नाणं मिळायचं, म्हणून वाटणी ठरलेली. दांडी त्याची, बटणं माझी. तो पळवायचा, मी मारायचे. हरलो की चूक अर्थातच माझी.

तसाच खेळ घरी जुळवायला मी आईचा जेवायचा पाट काढला. त्याच्या खालच्या पट्ट्यांमुळे वायरींना आयती जागा मिळाली. अंदाजाने खुणा केल्या, भोकं पाडली, दांडी आणि बटणं बसवली, एकेक वायर हिरव्या पट्टीत खोचली. गेम सुरू केला तर दांडी उजवीकडे नेली की पडद्यावरचा गडी डावीकडे पळे! दांडी झुकते त्याच्या विरुद्ध बाजूचा स्विच दाबला जातो, हे मला कुठे माहीत? वायरींची अदलाबदल केली आणि गडी मुकाट्याने माझं ऐकू लागला. मी चक्क नाचले.

तेवढ्यात नवरा आला आणि पाट बघून हसत सुटला. दांडी डाव्या टोकाला, बटणं पार उजव्या टोकाला. त्याने विचारलं, हे एका माणसाने खेळायचं कसं? बघते तर खरंच. दोन्ही हात फाकवून बसावं लागत होतं, आणि दादाचा तर एकच हात चालत होता. माझा चेहरा पडला. दादा रविवारी येणार होता, तोवर दुसरा पाट शोधायचं ठरवलं.

पण वहिनी शनिवारीच त्याला घेऊन दारात उभी. पाट दिवाणासमोर टीपॉयवर, कॉम्प्युटरला जोडलेला, तसाच होता. दादाला तिथेच बसवलं. तो बराच वेळ पाटाकडे बघत राहिला. मग हळूच डावीकडे सरकला, शेजारी माझ्यापुरती जागा ठेवली, आणि डावा हात उचलून लाल गोळ्यावर ठेवला.

मी गेम सुरू केला आणि धावत जाऊन शेजारी बसले. गडी पळू लागला. आनंदाने मला पडदा धड दिसेना. शत्रू समोर आला आणि मी नेहमीसारखी गडबडले.

"दाब गो," तो म्हणाला. शब्द जड होता, पण त्याचाच, चिडका.

आम्ही मेलो. त्याचा आवाज ऐकून स्वयंपाकघरातून वहिनी धावत आली. दादाने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"अजून उशीरच करतेस," तो म्हणाला. "परत लाव."