पोळा थांबवणारी बाई

"तिनं आमचा पोळा फुटू देला नाही, आन् तुमी तिलेच कायम करून राह्यले?"

विश्वनाथआबा भर ग्रामसभेत माझ्यावर ओरडत होते. संग्रामपूर तालुक्यातलं नदीकाठचं गाव. मी तहसीलमधला आपत्ती व्यवस्थापनाचा माणूस. विषय एकच होता. रेखाताईंना गावाच्या पथकप्रमुख म्हणून कायम करायचं. पथकप्रमुख म्हणजे पुराचा अलर्ट आला की काठावरची वस्ती हलवायचा हुकूम देणारा माणूस. नाव आम्ही सुचवायचं, मंजुरी ग्रामसभेनं द्यायची. हात वर झाले नाहीत तर पोस्ट रिकामी. आणि पावसाळा काही आमच्यासाठी थांबत नाही.

रेखाताई पिठाची चक्की चालवतात. वर्षभर त्या तात्पुरत्या प्रमुख होत्या. गेल्या पोळ्याला बैल तोरणाखाली उभे असताना वरच्या धरणातून पाणी सोडणार असल्याचा अलर्ट आला. मैदान नदीला लागून. बाईंनी सरळ माइक हातात घेतला आणि मैदान रिकामं करवलं. मानाची जोडी आबांची. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच बैलांनी तोरण तोडलं की पोळा फुटायचा. सजवलेले बैल तसेच घरी गेले. आणि पाणी आलंच नाही! गावाचा राग मला कळत होता. पण त्या रागापायी बाईंचं पद जाणार, या काळजीनं माझा जीव टांगणीला लागला होता.

त्यात सकाळपासून तहसीलदार साहेबांचे फोन. "झालं का हो? सातपुड्यात पाऊस वाढलाय."

"साहेब, इथं अजून गेल्या वर्षीचा पोळाच चालू आहे."

मी रेखाताईंच्या कानाशी लागलो. "ताई, चूक झाली म्हणा आणि मोकळ्या व्हा."

"काऊन? चूक कुठं झाली?" त्या उठल्याच. "आबा, तुमच्या जोडीचा मान गेला, त्याचं मलेही वाईट वाटते. पण पुन्हा अलर्ट आला तर पुन्हा उठवीन. पोळा असो का लगन."

झालं! मी कपाळाला हात लावला.

"ऐकलं? वर तोंड करून सांगते!" आबा म्हणाले.

सरपंचांनी हात वर करायला सांगितले. काठावरच्या बायांचे हात आधी वर गेले. मग मागच्या पुरुषांचे, एकमेकांकडे बघत बघत. ठराव कसाबसा पास झाला. आबांचा हात मांडीवरून हलला नाही.

सह्या चालू होत्या, तेवढ्यात साहेबांचा फोन. रेड अलर्ट, संध्याकाळी पाणी सोडतायत. आबांचा गोठा सगळ्यात खाली, अगदी काठावर. रेखाताई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आबा, बैल सोडा."

"म्या हात वर नाही केला बरं तुह्यासाठी."

"नका करू. बैल सोडा."

आबा पुटपुटत उठले. शिव्या देत देत, दिवस मावळता मावळता त्यांनी जोडी शाळेच्या आवारात आणून बांधली. मागोमाग वस्तीही हलली. माझं मात्र नदी ते शाळा, शाळा ते नदी, असं चालूच. बूड टेकत नव्हतं.

पाणी याही वेळी आलं नाही.

सकाळी चक्कीसमोरून जोडी परत नेताना आबा थांबले. मी तिथंच चहा घेत होतो. म्हटलं, आता काही खैर नाही.

"रेखे," आबा म्हणाले, "पुढच्या बारीले जरा आधी सांगत जाय. अंधार पडला का डावा बैल बुजते."

आणि गेले.

माझ्या मते बाई कायम झाल्या त्या तेव्हा. रिपोर्टात मात्र मी तारीख आदल्या दिवशीच्या ग्रामसभेचीच लिहिली. दुसरं काही लिहायला त्यात रकाना नसतो.