जावयाचा दाखला

भालकीत सिद्धव्वा गुत्तेदारणीशी वाकड्यात शिरायची कुणाची टाप नाही. वाळूचा ट्रॅक्टरवालासुद्धा तिला अक्का म्हणतो आणि माप पुरेपूर टाकतो. नवरा महादेवप्पा बांधकामाचा गुत्तेदार असताना तिनं आधी घमेली वाहिली, मग ओळंबा धरायला शिकली, मग गवंड्यांना शिव्या घालायला. चार वर्षांपूर्वी महादेवप्पा गेला. काम ती रेटत राहिली, पण गावाच्या तोंडी ते महादेवप्पाचंच काम! बंडोपंतांचं घर हा तिच्या स्वतःच्या नावानं झालेला पहिला करार.

घर उभं राहिलं, रंग झाला, नळाला पाणी आलं. अडलं ते एका कागदावर. करारात लिहिलं होतं, मालकानं नेमलेल्या आर्किटेक्टनं पंधरा दिवसांत पाहणी करून काम पुरं झाल्याचा दाखला द्यावा. महिना होत आला तरी आर्किटेक्टचा पत्ता नव्हता. इकडे खटकचिंचोळीच्या शाळेच्या खोल्यांचं काम निघालं होतं. अर्जाला आधीच्या कामाचा दाखला जोडायचा होता आणि मुदत संपायला चार दिवस उरले होते. ते काम हुकलं की सिद्धव्वा पुन्हा महादेवप्पाची बायकोच राहणार होती.

ती तडक बंडोपंतांच्या भाड्याच्या घरी गेली. बंडोपंत म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर, नियमाशिवाय शिंकणार नाहीत असा माणूस.

"हे बघा सिद्धव्वा," ते चष्मा पुसत म्हणाले, "आर्किटेक्ट स्वतंत्र असतो. मी त्याच्यावर दबाव आणणं नियमात बसत नाही."

"कसला सोतंत्र? जावई हाय तुमचा!"

हीच तर खरी गोम होती. फी वाचेल म्हणून बंडोपंतांनी कलबुर्गीचा जावई समर्थ यालाच आर्किटेक्ट नेमलं होतं. आता जावयाला काम सांगायचं कसं? फोन केला तर "कसे आहात, जेवलात का" यापुढे सासऱ्याची जीभच रेटेना.

"पण त्यो येईना कामून?" सिद्धव्वानं विचारलं.

बंडोपंत छताकडे बघू लागले. आतून त्यांची बायको मालतीबाईच बाहेर आल्या. त्या कधीच्या भरलेल्याच होत्या. "रुसलाय! धोंड्याचा महिना संपत आला, जावयाला जेवायला बोलावलं नाही यांनी. म्हणे, वास्तुशांतीला बोलावूच, तेव्हाच चांदीचं निरांजन देऊन टाकू. एका जेवणात दोन कामं! लेक पूर्णिमा फोनवर रडते माझ्यापाशी."

सिद्धव्वानं कपाळाला हात लावला. तिच्या अकरा महिन्यांच्या कष्टाचा कागद पुरणाच्या धोंड्यात अडकला होता!

"गुरुजी, आता ऐका," ती खाली मांडी ठोकून बसली. "सही कर म्हणून सांगू नगा त्येला. येऊन बघ म्हणून सांगा. चुका दिसल्या तर लिवून देऊ द्या, मी पाडून पुन्हा बांधते. पर त्येला नेमलं कुणी? तुमी. मग त्यो बघायलाच येईना तर जबाबदारी कुणाची? माझी? जावयाचा रुसवा काढायचं काम माझ्या करारात न्हाई."

"मी जरा विचार..."

"करा की. दाखला न्हाई म्हंजे काम अपुरं. काम अपुरं म्हंजे घराची किल्ली माझ्यापाशी. तुमची वास्तुशांती रस्त्यावर करा."

पत्रिका छापून आल्या होत्या. बंडोपंतांनी फोन उचलला. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला "चुकलं माझं" म्हणाले. मालतीबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते काही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी समर्थराव आले. आधी पाहणी, मग जेवण, असं सिद्धव्वानं बजावून ठेवलं होतं. पण जावयाला उपाशीपोटी ओळंबा हातात कोण देणार? सात धोंडे, वर वाटीभर तूप, आणि तबकात निरांजन! मग तो माणूस ढेकर देत नव्या घरभर फिरला. पण काम त्यानं चोख केलं बरं का! स्वयंपाकघराचा ओटा बोटभर कललेला त्यानं पकडला. सिद्धव्वानं गवंडी बोलावून संध्याकाळपर्यंत ओटा सरळ करून घेतला.

भाड्याच्या घरी परतल्यावर समर्थनं सही ठोकली, कागद तिच्या हातात दिला आणि तो भिंतीला टेकून डोळे मिटणार, तोच सिद्धव्वाचा आवाज चढला.

"हे काय लिवलाव?"

गुत्तेदाराच्या रकान्यात 'महादेवप्पा' होतं.

"अहो, सगळे त्यांचंच नाव घेतात..."

"त्ये गेले की चार वर्षांमागं! भिंत काय त्येंनी वरून येऊन बांधली?" तिनं कागद त्याच्यापुढे टाकला. "दुसरा कागद घ्या. सिद्धव्वा लिवा."

"आत्ता? सकाळी देतो ना अक्का, पोट फार..."

सिद्धव्वानं किल्ली कमरेला खोचली आणि आत वळून हाक मारली, "मालतीबाई, जावई रुसायलेत. आणा अजून चार धोंडे!"

समर्थ ताडकन उठून बसला आणि त्यानं पेन उघडलं.