दादाच्या नावाची डिस्क

आमच्या घरात कुठलीही वस्तू आली की ती दादाच्या नावावर. ट्रॅक्टर दादाच्या नावावर, लाइटचं मीटर दादाच्या नावावर, म्हैस घेतली तर तिची पावतीसुद्धा त्याच्याच नावावर. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, फौजेत. सुट्टीवर आला तरी म्हशीच्या जवळ फिरकत नाही. पण थोरला आहे ना, मग झालं.

कोरेगावात मी फोटो स्टुडिओ टाकला, कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं, तेव्हा पहिलं खातं काढलं ते दादाच्याच नावाचं. सगळे फोटो कपाटावरच्या एका वेगळ्या डिस्कवर असायचे. कॉम्प्युटर सुरू झाला की ती नेटवर्कवरून आपोआप जोडली जायची, अर्थात दादाच्या नावानं. मी आणि बायको, दोघंही दादा होऊनच आत शिरायचो आणि काम करायचो. कुणाचं काही अडत नव्हतं.

पुढं अल्बमचं काम बायकोनं हातात घेतलं आणि माझ्यापेक्षा लय भारी करायला लागली. म्हणून मीच हौसेनं तिचं वेगळं खातं काढून दिलं. पडद्यावर स्वतःचं नाव बघून ती जी खूश झाली, विचारू नका.

दुसऱ्याच दिवशी पंचाईत. एका जवानाचं नुकतंच लग्न झालेलं. संध्याकाळच्या गाडीनं त्याला ड्युटीवर निघायचं होतं आणि जाताना लग्नाचा छोटा अल्बम बरोबर न्यायचा होता. बॅग घेऊन तो बाकावर येऊन बसलेला. बायकोनं तिच्या नव्या खात्यातून पानं लावली, सेव्ह करायला गेली, तर पडद्यावर आलं, परवानगी नाही. फोटो उघडत होते, पण डिस्क एक रेघ लिहू देईना.

"सरक," मी म्हणालो. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. सगळ्या फाइली सगळ्यांना मोकळ्या करायची कमांड दिली. ती गुमान चालली, आणि बघतो तर जैसे थे. मालक बदलायची कमांड दिली. मालक दादाच. तीच कमांड पुन्हा दिली, बटण जोरात आपटून. त्या कीबोर्डनं माझं काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक.

"जाऊ दे," मी म्हणालो, "दादाच्या नावानं आत जा आणि तिथनं कर."

"न्हाई," ती म्हणाली. "काल नाव दिलंसा आन् आज काढून घेताय व्हय? काम मी केलंय. माज्या नावानंच निघंल."

"वहिनी, येळ हाय अजून, मी बसतो," जवान म्हणाला. त्याला कुणी विचारलं होतं?

पाणी पिऊन जरा शांत बसलो, तेव्हा टकुऱ्यात उजेड पडला. ही डिस्क आमच्या लिनक्सचे मालक ओळखतच नाही. जोडताना ज्याचं नाव सांगाल तो मालक. एकदा जोडली की आत कितीही कमांडा द्या, मालक तोच राहतो. वर पाटाचं दार बंद असताना खाली उसात खोरं मारून पाणी येतंय होय?

कॉम्प्युटर सुरू होताना डिस्क कुणाच्या नावानं जोडायची ते सांगणारी सेटिंगमधली ओळ उघडली. त्यात दादाचं नाव. आणि माझा हात थबकला. थोरल्याचं नाव खोडायचं कसं? शेवटी त्याला फोन लावला.

दादा हसायलाच लागला. "गड्या, मला त्यातला माऊसबी धरता येत न्हाई. जी राबती तिचं नाव लाव की. हे इचारायला फोन केलास व्हय रं?"

डिस्क सोडवली, ओळीत बायकोचं नाव घातलं, परत जोडली. तिनं बटण दाबलं आणि अल्बम बिनबोभाट सेव्ह झाला. प्रिंट निघाले. जवानानं पहिलंच पान बराच वेळ बघितलं, अल्बम कपड्यांच्या घडीत ठेवला आणि साताऱ्याची एसटी पकडली.

आमच्या घरात बायकोच्या नावावर लागलेली ती पहिली वस्तू. खरं सांगतो, मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी मी सवयीनं दादाच्या खात्यातून एक फोटो उजळायला गेलो. परवानगी नाही.

"आवं, काय पायजे ते मला सांगा," ती मागनं म्हणाली, "मी करून देती."

दोघांनाही लिहिता येईल अशी जोडणी मला येते. एका ओळीचं काम आहे. अजून केलेलं नाही.