हँडल डावीकडे

परवा नसरापूरच्या वर्कशॉपमध्ये गेट घासत होतो, तेवढ्यात तिची फाईल आली. ती गुंजवणे गावची, माझ्याच वर्गातली. मी दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंग सोडून ग्राइंडर धरला, ती आता शेवटच्या वर्षाला आहे. नाव लिहीत नाही... तिची भावकी मोठी आहे.

तिने तिच्या आबांसाठी भात वारवायचा पंखा डिझाईन केला होता. एकाने सुपातून भात सोडायचं, दुसऱ्याने हँडल फिरवायचं, फोलपटं उडून जातात. खाली मेसेज, "बघ जमतंय का. नाहीतर भोरमध्ये दुसरीकडे विचारते."

ते 'दुसरीकडे' वाचूनच माझं डोकं फिरलं...

लॅपटॉपवर कॉलेजचं जुनं सॉफ्टवेअर लावलं. ते बसलं नुसतं गरगरत. मी कीबोर्डवर हात आपटला, तसे मालक अण्णा म्हणाले, "ए डावऱ्या, मारतो कशाला त्याला? त्येबी तुझ्यागत तापलंय. दोघंबी जरा सावलीत बसा."

मग मोबाईलसाठी एक हलकंफुलकं ॲप सापडलं. त्यात मॉडेल फक्त बघता येतं, बदलता काही येत नाही. चहा येईपर्यंत ॲप उतरलं आणि पंखा स्क्रीनवर उभा. बोटाने फिरवला, खालून बघितला, कव्हर लपवून आतली पाती बघितली... काम सुरेख होतं.

फक्त हँडल डावीकडे. वाटलं, मीच मागून बघतोय. परत फिरवला, तरी डावीकडेच. असं कुणी करत नाही.

रागात लिहून टाकलं, "शेवटच्या वर्षाला हेच शिकवतात का? हँडल चुकलंय. विचार दुसरीकडे."

निळ्या टिक्स आल्या. गेट तसंच पडून राहिलं, चहा गार झाला...

मग उत्तर आलं. "सूप आबा धरणार. सुगीला हँडल फिरवायला कोण येणार आहे? डावखुरा कोण आहे, मी?"

वर्कशॉपमधली सगळी मशीनं उजव्या हाताची. मी रोज अंग वाकडं करून चालवतो, त्याचं काही वाटेनासं झालंय. तिने ते कधी बघून ठेवलं, कुणास ठाऊक.

अण्णांना मोबाईल दाखवला. "हँडल उलटं हाय की रं," ते म्हणाले.

"असू द्या अण्णा. तसंच करायचंय."

ॲप बनवणाऱ्याचे मनापासून आभार. बरं झालं त्यात काही बदलता येत नव्हतं... नाहीतर मी ते हँडल तेव्हाच उजवीकडे लावून मोकळा झालो असतो.