भट्टीतली प्लेट आणि साहेबांची ॲसिडिटी

नवऱ्याची बदली लखनौला झाली आणि मी चिनहटच्या एका कारखान्यात वेल्डिंग इंजिनिअर म्हणून लागले. तिथे जाड पोलादाच्या टाक्या बनत. आमचे मॅनेजर मनाने वाईट नव्हते, पण थांबणं हा प्रकार त्यांना जमायचाच नाही. चहासुद्धा ते उकळी फुटायच्या आत मागायचे.

अशा माणसाच्या नशिबी भट्टी आली. वेल्डिंग झालं की टाकी भट्टीत घालून बराच वेळ तापत ठेवायची, म्हणजे सांध्यातला ताण उतरतो. पण त्याआधी तीच पद्धत एका लहान प्लेटवर करून दाखवायची आणि मग ती प्लेट वाकवून, ओढून, तोडून बघायची. नियम असा, की टाकीला एकूण जितका वेळ तापावं लागणार, त्याच्या निदान ऐंशी टक्के वेळ प्लेटही तापलेली हवी. पोलाद तापत राहिलं की त्याची ताकद हळूहळू उतरते. टाकी जे भोगणार, ते प्लेटने आधी भोगून दाखवायचं.

‘एकूण’ या शब्दावरून आमचं वाजलं. साहेबांचं म्हणणं, टाकी एकदाच भट्टीत जाणार, तेवढाच वेळ धरा.

“सर, कल को रिपेयर निकला तो टाकी फिर भट्टी में जाएगी. वो टाइम अभी से पकड़ लेते हैं, प्लेट एक ही बार में पूरी तपा लेंगे. नहीं तो सारी टेस्ट दोबारा.”

“हमारे यहाँ रिपेयर नहीं निकलता,” ते ताठ मानेने म्हणाले.

बाहेर एकजण ग्राइंडरने दुरुस्तीचीच जागा खरवडत होता. तो आवाज आम्हा दोघांनाही ऐकू येत होता.

चाचणीच्या दिवशी गिऱ्हाइकाचे इन्स्पेक्टर आले. प्लेट सकाळीच भट्टीत गेली होती, मी ठरवलेला वेळ लावून. साहेबांना भट्टी दुसऱ्या ऑर्डरसाठी हवी होती. जेवणानंतर ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “आप इनको चाय पिलाइए, मैं भट्टी बंद करवाकर आता हूँ.”

गिऱ्हाइकासमोर घरचं भांडण काढायची सोय नव्हती. पण एक गोष्ट मला ठाऊक होती. इन्स्पेक्टरसाहेबांना होमिओपॅथीचा भारी नाद. मागच्या खेपेला मला साधी शिंक आली, तर त्यांनी माझी स्वप्नं विचारली होती.

“सर,” मी त्यांना म्हटलं, “हमारे साहब को एसिडिटी की बहुत तकलीफ़ है. बेचारे किसी से कहते नहीं.”

इन्स्पेक्टरांनी कप खाली ठेवला. “अच्छा? बैठिए, बैठिए.”

दाराकडे निघालेले साहेब बसले. गिऱ्हाइकाच्या माणसाला नाही कसं म्हणणार?

“गर्मी बर्दाश्त होती है? बिजली कड़कने से डर लगता है? बचपन में मिट्टी खाते थे?”

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांचं बालपण मीच मातीत घातलं होतं. मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. त्यांनी भट्टीवर फोन लावून पाहिला, पण तिथल्या गोंगाटात फोन कुणाला ऐकू येणार? ते उठू लागले.

“देखिए, जल्दबाज़ी!” इन्स्पेक्टर खूश होऊन म्हणाले. “ये भी लक्षण है.”

मग वडिलांची प्रकृती निघाली, मग आजोबांची. साहेब साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या पुड्या घेऊन बाहेर आले, तेव्हा भट्टी आपला वेळ पुरा करून निवत होती.

“आपसे किसने कहा मुझे एसिडिटी है?”

“सर, आप मुझसे बात करते-करते सीने पर हाथ रख लेते हैं.”

नकळत छातीकडे गेलेला हात त्यांनी खाली घेतला.

प्लेट सगळ्या परीक्षांत पास झाली. पुढे टाकी बनली, भट्टीतून निघाली, आणि तपासणीत एका नळीच्या बुडाशी चीर सापडली. खरवडा, परत वेल्डिंग करा, परत भट्टी. साहेबांचा चेहरा उतरला. “अब? प्लेट फिर से?”

मी उगाच सुस्कारा टाकला, चष्मा पुसला, दोन पानं उलटली. खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

“नहीं सर. वो टाइम तो प्लेट पहले ही झेल चुकी है.”

त्यांच्या डोक्यात ती दुपार जुळत चाललेली मला दिसत होती. मी मनाची तयारी केली. तेवढ्यात इन्स्पेक्टर आत आले, आणि साहेब ताडकन म्हणाले, “रिपेयर का टाइम तो हमने पहले से पकड़ रखा है. हम शुरू से दूर की सोचते हैं.”

इन्स्पेक्टरांनी त्यांची पाठ थोपटली. मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. हसू दाबताना डोळ्यांत पाणी आलं, ते चष्म्यामागे खपून गेलं.

त्यानंतर साहेबांनी दूरदृष्टीचा ध्यासच घेतला. पुढच्या टाकीच्या वेळी ते म्हणाले, प्लेटला पाच दुरुस्त्यांचा वेळ द्या. “सर, इतनी देर तपाई तो प्लेट ढीली पड़ जाएगी, फेल हो जाएगी,” मी कळवळून सांगत होते, आणि ते मला संयमाचं महत्त्व समजावत होते.