उकंड्यावरचा दिवा

काकी, आम्ही गाव सोडलं त्या सकाळी बैलगाडी दारात उभी होती आणि माय मात्र घरामागच्या उकंड्यावर होती. भांडी बांधून झाली, वळकटी बांधून झाली, आणि ही बाई वाळलेलं शेणखत बोरीत भरत बसलेली. बाबा चिडले. "भिलाईले शेण नेतेस? तथं कारखाना हाये, वावर नाही. लोकं हासतीन." मायनं बोरीचं तोंड सुतळीनं शिवलं आणि तुला सांगितलं, "उकंड्यावर ध्यान ठेवजो. दिवाळीले दिवा चुकवू नोको." घराची किल्ली तिनं तुला त्यानंतर दिली.

सेक्टर ६ मधलं आमचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, नळ, वीज आणि मागे थोडं परस. रस्त्याच्या कोपऱ्यावर सिमेंटची कचराकुंडी. शेजारच्या आंटींनी पहिल्याच दिवशी समजावलं, सगळं त्या कुंडीत टाकायचं, ट्रक घेऊन जातो. "कुठी नेते?" मायनं विचारलं. आंटींना ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्याचं त्यांना काही वाटलंही नाही. मला त्याचा आजही राग येतो. आपल्याच भाजीची देठं कुठे जातात हे माहीत नसणं म्हणजे सुधारणा, असं इथे सगळे समजत, आणि मी तर ते सगळ्यांत आधी शिकले.

मायनं परसात खड्डा खणला. सालं, देठं, पालापाचोळा, शेगडीची राख सगळं त्यात जायचं. वरून तिनं गावच्या बोरीतलं खत टाकलं, विरजण लावतात तसं. दोन वर्षांत वांगी अशी धरली की आंटी मागून न्यायच्या. वांगी न्यायच्या आणि खड्ड्याचा वास येतो म्हणून बाबांकडे तक्रारही करायच्या. राख टाकलेल्या खड्ड्याला वास येत नाही, हे तुला सांगायला नको.

मी तेव्हा सातवीत होते. मराठी फक्त घरात बोलायची, तीही हळू आवाजात. आंटींच्या मुलीनं शाळेत मला 'घूरेवाली', म्हणजे उकंडेवाली, म्हटलं आणि वर्ग हसला. घरी येऊन मी दप्तर फेकलं. खड्डा बुजवत नाही तोवर शाळेत जाणार नाही, असं बाबांना सांगितलं. त्यांनाही निमित्तच हवं होतं. सुट्टीच्या दिवशी, माय पावर हाउसच्या बाजारात गेलेली असताना, त्यांनी खड्डा बुजवून वर माती थोपटली. माय आली, पिशवी खाली ठेवली, मातीकडे बघत राहिली. "कोनं सांगतलं?"

"नियम हाये इथला," बाबा म्हणाले. मी पुस्तकात डोकं खुपसलं.

त्या दिवाळीला, दिवेलागणीच्या वेळी, मायनं कणकेचा दिवा केला. उकंडा उरलाच नव्हता, म्हणून तो तिनं कोपऱ्यावरच्या कुंडीपाशी ठेवला, हात जोडले आणि परत आली. पाठोपाठ गलका झाला. कुणीतरी टोटका, करणी केलीय म्हणून बायका जमल्या. आंटींनी चपलेनं दिवा उलटवला आणि मला विचारलं, "किसने रखा?"

"पता नहीं, आंटी," मी म्हणाले. माय दारातच उभी होती. तिला ऐकू गेलं असणार.

सकाळी रस्ता झाडायला छत्तीसगढी बाई आली. तिनं तो दिवा उचलला, पदरानं पुसला आणि कुंडीच्या कठड्यावर ठेवला. "घुरवा के दिया ए, नोनी. एला कोन लात मारिस?" तिच्या गावात उकंड्याला घुरवा म्हणतात आणि दिवाळीत तिथेही दिवा लागतो. साऱ्या सेक्टरात मायचा दिवा कळला तो हिला एकटीला. आमचा कचरा शेवटी तिच्या गावाच्या वाटेवर येऊन पडतो, हेही तिनंच सांगितलं. मायच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. ते मी घरात सांगितलं नाही.

बाबा गेले, त्यांच्या जागी मला ऑफिसात नोकरी लागली, म्हणून क्वार्टर राहिलं. आंटी अजून शेजारीच आहेत. आता कुंडीत राख नसते, प्लास्टिकची पन्नी असते. गायी सालांबरोबर पन्न्याही गिळतात, आणि नाकाला रुमाल लावून जाणारे आपण स्वच्छ असल्यासारखे चालतात. गेल्या महिन्यात महिला मंडळाचं शिबिर झालं. एक बाई माइकवरून सांगत होत्या, किचनचा कचरा कुंडीत टाकू नका, परसात खड्डा करा, सोन्यासारखं खत होतं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आंटी ते सगळं वहीत उतरवून घेत होत्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

घरी येऊन भांडी आपटत मी मायला सगळं सांगितलं. ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "खड्डा बुजवाले कोनं लावलं, हे सांगतलंस का त्याइले?" आणि सोलत राहिली. म्हणजे इतकी वर्षं तिला माहीत होतं. मी तेव्हापासून आंटींवर चिडले, मेलेल्या बाबांवर चिडले, तरी राग संपेना, कारण तो माझ्यावरचाच होता.

या दिवाळीआधी मी त्याच जागी कुदळ घातली. दोन वीत खाली माती अजून काळी होती. दिवाळीच्या दिवेलागणीला खड्ड्याच्या काठावर कणकेचा दिवा ठेवला. कुंपणापलीकडून आंटी म्हणाल्या, "अरे, यहाँ दिया किसने रखा?"

"मैंने," मी म्हटलं. मग मागे दारात उभ्या असलेल्या मायला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, "मी ठेवला. उकंड्याचा हाये."

माय एवढंच म्हणाली, "वात मोठी झाली. बारीक कर." मी केली.

काकी, घरी कधी येता, असं तू प्रत्येक पत्रात विचारतेस. आता नको विचारू. आम्ही घरीच आहोत.